मोजणीवाली बाई

कल्पिता पनवेलच्या शाळेत चित्रकला शिकवायची. नागावला तीन दिवस तंबूत राहायला ती आली, ती एक पिशवी कपडे आणि चार पिशव्या सजावट घेऊन. दुकानातला राखाडी तंबू तसाच उभा करणं तिला जमणारं नव्हतं. तंबूत उतरणाऱ्या पाहुण्यांचं जेवणखाण पाहणाऱ्या सोनूबाईंनी तिला नारळाच्या दोन वाड्यांमधला मोकळा पट्टा दाखवला. कल्पिताने टेपने जागा मोजली, वहीत आराखडा काढला, चारी बाजूंना खुंट्या ठोकून लाल फिती बांधल्या आणि नक्षीची सुरुवात म्हणून चुन्याची एक लांब रेघ ओढली.

त्या रेघेपाशी तुळशीराम थबकला. उत्तरेची वाडी त्याची, दक्षिणेची धाकट्या भावाची, भिकूची. मधला पट्टा कुणाचा, यावरून दोघे अकरा वर्षं बोलत नव्हते. त्यांच्या बहिणीला, म्हणजे सोनूबाईंना, वाटणीच्या वेळी कुणी विचारलंच नव्हतं. आज तुळशीराम थेट भिकूच्या पडवीत शिरला.

"भिकू, सरकारी बाई आलीय. मोजणी चाललीय."

"कसली?"

"इचारायला थांबलो न्हाय. लाल फिती हायत."

भिकूचा चेहरा उतरला. "अतिक्रमणं काढणार म्हणत व्हते. पट्ट्याचं कुंपण पुढं रस्त्यात कुणी घातलं?"

"तू."

"अर्धं तू!"

दोघे माडाआडून पाहू लागले. बाई एक डोळा मिटून, पेन्सिल समोर धरून पट्ट्याच्या टोकाला असलेल्या दोघांच्या सामायिक पंपाच्या खोलीकडे बघत होती. मग तिने वहीत काहीतरी खरडलं.

"खोली गेली," तुळशीराम पुटपुटला.

भिकू शहाळं घेऊन पुढे झाला. "मॅडम, पाणी घ्या. हा पट्टा आमचा न्हाय बरं का. दादाचा हाय."

"खोटं!" तुळशीराम माडामागून बाहेर आला. "भिकूचाच हाय. मी इथं पायपण ठेवत न्हाय."

"कुणाचाही असू दे, जागा छान आहे," कल्पिता हसून म्हणाली. "अजून बरंच काम करायचंय इथे."

दोघे एकदमच म्हणाले, "मग आमच्याकडून लिहूनच घ्या!"

आलेल्या पाहुण्याला चार शब्द लिहून द्यायची इथली पद्धत असावी, असं कल्पिताला वाटलं. तिने कौतुकाने जाड कागद आणि रंगीत पेनं दिली. तुळशीरामने हिरव्या शाईत आणि भिकूने जांभळ्या शाईत लिहिलं, 'या पट्ट्यावर माझा कसलाही हक्क नाही.' खाली सह्या ठोकल्या.

तेवढ्यात सोनूबाई भाकरी आणि कोलंबीचं कालवण घेऊन आल्या. "काय लिवताय रे?"

"गप. सरकारी काम हाय," तुळशीराम म्हणाला.

"कसलं सरकारी? बाई शाळेत चित्रं शिकवतात. तंबू सजवायला लागल्यात."

दोघांचे हात एकदमच कागदांकडे गेले. सोनूबाईंचा आधी पोचला. त्यांनी दोन्ही कागद सावकाश वाचले, घडी घातली आणि कमरेला खोचली.

"दादा म्हणतो माझा न्हाय, भिकू म्हणतो माझा न्हाय," त्या म्हणाल्या. "मग आपल्या बापाला तिसरं पोर कोण?"

तुळशीरामने हिरव्या पेनाला टोपण लावलं आणि ते कल्पिताला परत दिलं.

"मग माझा तंबू इथेच राहू दे ना?" कल्पिताने घाबरत विचारलं.

"ऱ्हाऊ दे की," सोनूबाई म्हणाल्या. "जागा माझीच हाय."