मुनीरभाऊ पोचले

"इतवारी दुपारच्या जेवणाआधी 'खरखर' बराबर करून देतो! न्हाई केली तर मुनीर नाव सांगणार न्हाई!"

परतूरच्या बाजारात चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या मुनीरने फोनवर राधेश्यामला असा शब्द दिला, तेव्हा नावावरच गदा येईल असं त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं!

'खरखर' म्हणजे जुन्या रेडिओच्या शौकिनांचा इंटरनेटवरचा अड्डा. मुनीरने तो हौसेने उघडला आणि पोटच्या पोरासारखा सांभाळला. जिल्ह्यातले, जिल्ह्याबाहेरचे कितीतरी रेडिओवेडे तिथं जमत. कुणाचा रेडिओ खोकतो, कुणाचा तोतरा बोलतो, कुणाचा मुकाच आहे, सगळ्यांवर इलाज निघे. सगळे म्हणत, "मुनीरभाई, आता व्हॉट्सअॅपवर चला!" मुनीर ताठ मानेने सांगे, "व्हॉट्सअॅप म्हणजे बाजार. आपली मैफल आहे!"

पण इंटरनेटवर जागा पुरवणाऱ्या कंपनीने ही मैफल नव्या यंत्रावर हलवली आणि मैफलीला नजर लागली. कुणी कितीही लांबलचक लिहो, पहिले दोन-चार शब्द दिसायचे आणि बाकीचं गडप! जालन्याचा कापडवाला राधेश्याम याने आपल्या रेडिओच्या वायरी उंदरांनी कशा खाल्ल्या याची करुण कहाणी लिहिली. लोकांना दिसलं एवढंच : "पोटात काही राहिलं न्हाई." झालं! कुणी लिंबू-सरबत सुचवलं, कुणी ताक-भात. एकाने तर डॉक्टरचा नंबर दिला!

मुनीरने शब्द दिला त्याच शनिवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. भिंतीवरच्या रिकाम्या चष्म्यांच्या रांगा त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. त्याने 'खरखर' उघडली आणि त्याच्या हातातला चहा हातातच राहिला.

अंगदच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला होता.

राजूरचा अंगद म्हणजे मुनीरचा जिवाभावाचा दोस्त. घरात माणसं कमी, रेडिओ जास्त! पण अंगद गेल्या पावसाळ्यात छातीत कळ येऊन गेला. मुनीरने स्वतः खांदा दिला होता.

ठिपका जागेवरच होता. मग त्याखाली हळूहळू अक्षरं उमटली : "कोणी हाय का?"

थोड्या वेळाने दुसरी ओळ आली.

"इथं अंधार हाय."

दुकानामागेच घर होतं. मुनीर पडदा बाजूला सारून आत गेला. त्याची बायको रजिया मेथी निवडत बसली होती.

"अजी, क्या हुआ? मुंह कायकू उतरा?"

"अंगद लिखरा."

"तो जवाब दो ना! दोस्त है तुम्हारा."

"अगे, वो मर गया ना!"

रजियाची जुडी हातात थांबली. क्षणभर विचार करून ती म्हणाली, "तो फिर जवाब सोच के दो!"

तोवर 'खरखर'वर हाहाकार उडाला होता. मुनीरने राधेश्यामला फोन लावला.

"राधेश्यामभाई, कुणीतरी अंगदचा फोन वापरून राह्यलं. वहिनी असतील."

"दुर्गाबाई? त्यांनी जन्मात फोनला हात लावला न्हाई! वाजला तरी अंगदला हाक मारायच्या! आन् मुनीरभाई, आता नवीन काय आलं ते बघितलं का?"

मुनीरने बघितलं.

"जळका वास येऊन राह्यला."

अंधार, वर जळका वास! ही जागा कोणती, हे दोघांच्याही धर्मात बारकाईने सांगून ठेवलेलं होतं.

"पण मुनीरभाई," राधेश्याम म्हणाला, "अंगदनं तर मुंगी मारली न्हाई हो! त्याला जर तिथं टाकलं, तर मंग आपलं काय?"

मुनीरने धीर केला आणि अंगदच्याच नंबरवर फोन लावला. घंटी वाजली. एकदा, दोनदा. कुणीतरी फोन उचलला.

"हॅलो? वहिनी? हॅलो?"

पलीकडे माणूस नव्हता. नुसती खरखर होती! लांब, कोरडी, जणू कुणी वाळूच्या ढिगाखालून श्वास घेतंय. त्या खरखरीच्या मागे काहीतरी पुटपुटल्यासारखं झालं, आणि मुनीरने विंचू झटकावा तसा फोन झटकला.

पडद्यावर पुढची ओळ हजर होती.

"आत कोणीतरी बोलून राह्यलं."

बस्स! हे खातं बंद करायचं. एकदा का त्याला दिवंगत ठरवलं की दिवंगत सदस्याला लिहिता येत नाही, असा 'खरखर'चा नियमच होता. अंगद गेला तेव्हा ते बटण दाबायला मुनीरचं बोट धजावलं नव्हतं. आज धजावलं. 'खरखर'चा चालक म्हणून फक्त त्यालाच उघडणाऱ्या पानावर त्याने सदस्यांची यादी उघडली. अंगदचं नाव सापडलं. 'दिवंगत करा'वर बोट टेकणार, तोच अर्धवट उघडलेलं ते मुलखाचं आळशी पान पूर्ण उघडलं आणि यादी सर्रकन खाली सरकली! यंत्राने विचारलं, "नक्की?" मुनीर कातावून ओरडला, "हां, नक्की! बिलकुल नक्की!" आणि दाबलं.

पडद्यावर एक समई उजळली. तिच्याखाली झेंडूचा हार. हारात मुनीरचा फोटो.

"आपले लाडके चालक मुनीर यांना भावपूर्ण श्रद्धांजली."

मुनीरने घाईघाईने लिहिलं, "अरे, मी जिवंत आहे!" यंत्राने शांतपणे उत्तर दिलं, "दिवंगत सदस्य लिहू शकत नाहीत."

कंपनीच्या मदतकेंद्राला लिहिलं, तर तिथं माणूस नव्हताच, यंत्रच बोलत होतं : "आपल्या निधनाचे समजून दुःख झाले. खाते पुन्हा सुरू करण्यासाठी कृपया आपला मृत्यूचा दाखला जोडा."

तोवर श्रद्धांजल्या यायला लागल्या होत्या. "मुनीरभाईसारखा माणूस न्हाई..." "आता खरखरचं कसं..." "एवढ्या जल्दी..." सगळ्या अर्धवट, हुंदक्यात तुटल्यासारख्या. आपल्याच मयतीत कोपऱ्यात उभं राहावं तसा मुनीर वाचत राहिला. राधेश्यामला फोन केला. नाव बघून राधेश्यामने तो उचलला खरा, पण "राम राम राम राम!" एवढंच ओरडून बंद केला. दुसऱ्याने उचललाच नाही. तिसऱ्याने मुनीरचा नंबरच अडवून टाकला!

मुनीर दुकानाबाहेर आला. समोरचा चहावाला रोज दुरून हात करायचा. आज मोबाइलमध्ये तोंड घालून बसला होता, मान वर केली नाही. ओळखीचे दोघं बोलत अंगावरून गेले, थांबले नाहीत. एरवी ज्याची नोंदही घेतली नसती, ते मुनीरला आता काळजात टोचलं. त्याने गुपचूप स्वतःची नाडी धरली. लागेना! मग कळलं की अंगठा चुकीच्या बाजूला दाबलाय.

"मैं कल राजूर जातूं," त्याने रजियाला सांगितलं. फोन अंगदच्या घरी आहे, म्हणजे गाठ तिथेच सुटणार. उरलेला दिवस तो रजियाला उगाचच हाका मारत राहिला. ती "हां, क्या?" म्हणाली की त्याला बरं वाटे.

सकाळच्या गाडीने तो जालन्याला उतरला आणि राजूरच्या जीपमध्ये बसला. धुकं एवढं की पुढच्या बैलगाडीचे नुसते बैलच दिसत, गाडी दिसत नव्हती. जीपमध्ये गणपतीच्या दर्शनाला निघालेली माणसं खेचून भरली होती. मुनीर सगळ्यांकडे बघून हसला. कुणी हसलं नाही. शेजारच्या म्हातारीने तर आपली पिशवी सरळ त्याच्या मांडीवर ठेवली. सीट मोकळी असल्यासारखी!

"आजी," मुनीरने घाबरत घाबरत विचारलं, "मी... मी दिसून राह्यलो ना तुम्हाला?"

म्हातारीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, पिशवी उचलली आणि पलीकडे सरकली. राजूर येईपर्यंत तिने तोंडातल्या तोंडात गणपतीचा धावा चालू ठेवला!

अंगदचं घर गावाच्या टोकाला. दार अर्धवट उघडं. अंगणात कुणी नाही, चूल विझलेली. धुक्यात कडुलिंबाचं झाड तेवढं उभं होतं. आणि आतून तोच आवाज आला. खरखर... खरखर... आणि त्यामागे कुणीतरी पुटपुटत होतं.

मुनीरचे पाय उंबऱ्यापाशी चिकटले. कुराणातली आयतुल कुर्सी ओठांवर आली, पण अर्ध्यात अडकली. तो कसाबसा बोलला, "अं... अंगद?"

खरखर थांबली. आतल्या अंधारातून पावलं वाजली.

"आले का भाऊ? या, या! कवापासून वाट बघून राह्यले मी!"

दुर्गाबाई होत्या! हातात अंगदचा फोन, कपाळाला काजळी, पदर खोचलेला.

"वहिनी! तुम्ही लिहीत होता?"

"मंग कोण लिहिणार? लेकीनं शिकवलं. त्या माईकवर बोट ठेवून बोललं की आपोआप लिहून येतंय." आणि दुर्गाबाईंचा पारा चढला. "पन काय मानसं हायेत हो तुमची! मी इच्यारते, इथं अंधार हाय काचेच्या आत, दिवा कसा बदलायचा? तर एक म्हणतो, शांत राहा! मी म्हणते, जळका वास येऊन राह्यला मागच्या फळीतून. तर दुसरा म्हणतो, मोह सोडा! अवो, रेडिओचा मोह असा सुटतो का? आन् तुम्हीबी तसलेच! काल फोन केला. मी म्हनलं भाऊला आवाज ऐकवावा, डाक्टरला ऐकवतात तसा, म्हणून फोन रेडिओला लावून धरला. तर तुम्ही ठेवूनच दिला!"

मुनीर मटकन खाटेवर बसला.

टेबलावर अंगदचा मोठा लाकडी रेडिओ पोट उघडून पडला होता. अंगद दुरुस्त करता करताच गेला होता.

"हे होते तवा सकाळपासून कायतरी वाजतच राहायचं," दुर्गाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मी वरडायचे, बंद करा ते! आता घर लई गप्प झालंय, भाऊ. नुसतं खरखरलं तरी चालंल, पन वाजावं."

मुनीरने बाह्या सरसावल्या. दिवा बदलला, एक सुटलेली तार जोडली. जळका वास कुठून येतो ते शोधलं, तर मागच्या बाजूला एक झुरळ भाजून कोळसा झालं होतं! अंगदच्या नरकात एवढाच जीव जळत होता. काचेमागे पिवळा उजेड पसरला. सुई सरकली, आणि खरखरीतून एका बाईचा गोड आवाज वर आला. ती तुरीवरच्या किडीबद्दल सांगत होती. दुर्गाबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि चहा टाकला.

चहा पिता पिता त्यांनी मोठ्या उत्साहाने माईकवर बोट ठेवलं. "मुनीरभाऊ पोचले. माझ्यापाशीच बसलेत. रेडिओ एकदम बराबर करून दिला, चहा पिऊन राह्यले, सगळ्यांचे आभार!"

मुनीर "वहिनी, थांबा!" म्हणेपर्यंत ते गेलं होतं. आणि 'खरखर'वर, अंगदच्या नावाने, एवढंच झळकलं :

"मुनीरभाऊ पोचले. माझ्यापाशीच बसलेत."

लगेच रजियाचा फोन!

"अजी, तुम कां हैं? घर में तुम्हारे दोस्तां आ को बैठे! रोरे सब! मैं बोली, सुबह नाश्ता करके गए, तो बोलते भाभी को सदमा हुआ! अब वो राधेश्यामभाई फोन देख को चिल्लारे, पोचले, पोचले!"

"उनकू फोन दे! नहीं, रुक, मैं सूरत दिखातूं!" मुनीरने व्हिडिओ लावला.

परतूरच्या बैठकीत पांढऱ्या कपड्यातल्या मंडळींनी माना पुढे काढल्या. पडद्यावर धुकट उजेडात मुनीरचा चेहरा आला. "राधेश्यामभाई, घाबरू नका! मी इथं लई मजेत हाय!" तो म्हणाला. आणि नेमका त्याच्या खांद्यामागे, भिंतीवर, हार घातलेला अंगद हसत होता!

राधेश्याम रजियाच्या मेथीच्या टोपलीवर आडवा झाला.

त्याला शुद्धीवर आणायला कांदा हुंगवावा लागला, आणि मुनीर समोर येऊन उभा राहिला तेव्हा पुन्हा एकदा! शेवटी मुनीरला चिमटे काढून, बोटं मोजून, सगळ्यांची खात्री पटली. मग सगळे एवढे हसले की शेजारच्यांना वाटलं, मुनीरच्या घरी लग्न जमलं.

हे असं झाल्यावर गोष्ट इथंच संपायला हवी होती. पण त्याच आठवड्यात कंपनीने आपली चूक सुधारली. मुनीर सजीव झाला, आणि गडप झालेला सगळा मजकूर वर आला. श्रद्धांजल्यांसकट! मुनीर दुकानात हौसेने वाचायला बसला.

"मुनीरभाईसारखा माणूस न्हाई ऐकायचा कुणाचं, लई हट्टी होता बिचारा."

"आता खरखरचं कसं, बंदच करून टाकू की!"

"एवढ्या जल्दी सांगतो म्हणून राग मानू नका, पण आता तरी व्हॉट्सअॅपवर चला!"

मुनीरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मजकूर तोच होता.

आणि मंडळी खरंच गेली! व्हॉट्सअॅपवर नवा ग्रुप निघाला. चालक कोण, तर दुर्गाबाई. सगळ्यांनी एकमुखाने निवडलं. मुनीरने दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी गुपचूप ग्रुपमध्ये घेण्याची विनंती पाठवली.

ती मंजूर करायचं बटण फक्त दुर्गाबाईंच्या फोनवर आहे. दुर्गाबाई तुरी झोडायला शेतात गेल्यात. फोन घरी, रेडिओशेजारी ठेवलाय म्हणे. मुनीर दुकानात बसून पडद्याकडे बघतोय, आणि रजिया पडद्याआडून विचारतेय, "क्या जी, लिया क्या तुमकू?"