दार उघडणाऱ्याचं नाव पहिलं

विलास पडवळ दारावरच्या पाटीची ऑर्डर घेतो आणि मग ती रंगवायची सोडून गिऱ्हाइकाच्या घराची बेल वाजवत बसतो. सकाळी एकदा, दुपारी एकदा, दिवेलागणीला एकदा. दर वेळी दार कोणी उघडलं ते वहीत टिपतो. ज्याने जास्त वेळा उघडलं, त्याचं नाव पाटीवर पहिलं. "घर कोणाच्याही नावावर असू दे. दार उघडायला उठतं कोण, ते बघायचं," असं सांगून तो उपनिषद संपल्यासारखा गप्प होतो.

डोंबिवलीत आमच्या इमारतीखाली त्याचा गाळा आहे. तिथे वीस वर्षं फ्लेक्स छापले जात. इथपासून आंबिवलीपर्यंत चौकाचौकात जो पुढारी हात जोडून उभा दिसे, तो बहुधा विलासनेच उभा केलेला असे. खालच्या शुभेच्छुकांत कोणाचा फोटो कोणापेक्षा नखभर मोठा, यावरून झालेली भांडणं मी गॅलरीतून फुकट ऐकलेली आहेत. एका भावी नगरसेवकाची दाढी त्याने त्यांच्याच आग्रहावरून फोटोत काढून टाकली. आठवड्याने ते गृहस्थ खरोखरच दाढी करून आले. लोक ओळखत नव्हते म्हणाले.

गेल्या वर्षी एके दिवशी विलासने मशीनवर चादर टाकली आणि हातात ब्रश घेतला. आता फक्त घरांच्या पाट्या, त्याही हाताने. कारण तो प्रत्येकाला वेगळं सांगे. मला कंबर सांगितली, बायकोला डोळे, वाण्याला पर्यावरण. त्यातल्या त्यात पर्यावरणावर माझा विश्वास सर्वात कमी बसला.

अक्षर त्याचं देखणं. अडचण नियमाची. माजिवड्याच्या एका टॉवरमधल्या वकीलसाहेबांना पाटीवर सगळ्या पदव्या हव्या होत्या. विलासने तीनदा बेल वाजवली. तिन्ही वेळा दार कामवाल्या कमलताईंनी उघडलं. पाटी तयार झाली तेव्हा वर कमल, खाली वकीलसाहेब, आणि पदव्या कुठेच नाहीत. साहेबांनी नोटीस पाठवायची भाषा केली. विलास म्हणाला, "पाठवा ना. मी उत्तर पाठवीन, ते पण कमलताईच घेतील." खडवलीच्या एका मास्तरांचा तर त्याने ॲडव्हान्स परत केला. त्यांचं दार दिवसभर उघडंच असतं, मग पाटी कोणाच्या नावाने करणार?

अशाने धंदा चालत नाही, हे त्याची बायको सुनीता कोपऱ्यात साड्यांना फॉल लावता लावता रोज सांगे. बाई भांडखोर नाही, हिशेबी आहे. मुलीचं कॉलेज तिला दिसत होतं. शेवटी तिने मुदत दिली. दिवाळीपर्यंत पाट्या. नंतर मशीन चालू, आणि ती स्वतः शिकून चालवणार.

दिवाळीला आठ दिवस असताना भाऊंचा माणूस बाइकवरून आला. भाऊ म्हणजे आमच्या प्रभागाचे कायमचे उमेदवार. निवडणूक तोंडावर होती. अख्ख्या प्रभागाचे फ्लेक्स विलासनेच करायचे, असा निरोप होता. मी पेपर वाचायला गाळ्यात बसलो होतो. सुनीताने सुई खाली ठेवली. माणूस फोन आला म्हणून बाहेर गेला, तशी ती म्हणाली, "अहो, हो म्हणा. एवढं एक करा. मग वर्षभर पाट्या रंगवत बसा, मी बोलणार नाही."

विलास ब्रश पुसत राहिला. पुसून स्वच्छ झाला तरी पुसत होता.

"बाबा गेले तेव्हा चौकात श्रद्धांजलीचा बोर्ड लावलेला," तो म्हणाला.

"तिसऱ्या दिवशी त्याच्यावर भाऊंचा वाढदिवस ठोकला त्या बोर्ड लावणाऱ्यांनी. माहितीय मला. तुम्ही त्यांच्याशी भांडलेलात."

"उगाच भांडलो. त्यांनी फोन करून विचारलेलं, भाऊंचा कुठे लावू. मी मशीनवर होतो. म्हटलं, चौकातल्या सांगाड्यावर. रोज तेच सांगायचो ना." त्याने फडकं खाली ठेवलं. "बाबांवर ठोका, असं मीच सांगितलं, सुनीता."

मी पेपरात डोकं घातलं.

"दारावरच्या पाटीवर कोणी दुसरी पाटी ठोकत नाही," तो ब्रशकडे बघत म्हणाला.

सुनीता उठली. पदराला चिकटलेले दोरे झटकले आणि बाहेर गेली. बाइकवाल्याला म्हणाली, "भाऊंना सांगा, फ्लेक्सचं काम बंद केलंय आम्ही." तो काहीतरी समजावू लागला. दिवाळी, जुने संबंध वगैरे. "नाही हो," ती म्हणाली, "विचार करून कळवायचं काही नाही त्यात. बंद म्हणजे बंद."

आत आली, तेव्हा विलास तिच्याकडे बघायचं टाळत होता.

"बाबांचा तो बोर्डावरचा फोटो आहे का अजून कंप्युटरात?" तिने विचारलं.

"आहे. ताईच्या लग्नाच्या ग्रुपमधून कापलेला."

"मग कागदावर काढून घ्या. कापू नका, अख्खा ग्रुप काढा. घरात लावू."

विलासने कंप्युटर चालू केला. जुना आहे तो, सुरू व्हायला वेळ लावतो. तोवर ती त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. मी पेपर तिथेच ठेवला आणि वर आलो.