शहादेव सरांची एकच हाक

शहादेव सर हाक एकदाच मारायचे. पुण्यात एका व्यावसायिक बास्केटबॉल संघाला शिकवताना त्यांनी हा नियम केला होता, आणि तो सांगताना त्यांची छाती फुगायची. दुसऱ्यांदा हाक मारली की खेळाडू बिघडतो, म्हणायचे. आता त्याच संघानं त्यांच्या हातात नारळ दिला, यात हाकेचा काय दोष? सर मूळचे चकलांब्याचे, पण जन्म गेला पुण्यात. वडिलांच्या ओळखीवर दिंद्रुडजवळच्या एका गावात शाळेच्या पोरींना खेळ शिकवायला आले. निघताना जुन्या मॅनेजरला ठणकावून आले, "असा संघ उभा करतो की तुम्हीच मला परत बोलावणार!" तेव्हापासून फोन उशाशी घेऊन झोपायचे.

मैदान शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या मोहनरावांनी बांधून दिलं होतं, कुठल्याशा निवडणुकीच्या तोंडावर. चांगली जमीन सगळी उसाखाली, मग मैदानाला उरलं काय? मसणवट्याशेजारचा तुकडा. एका अंगाला मसणवटा, दुसऱ्या अंगाला उंच भिंत आणि भिंतीपलीकडं गावाची वाट. सरांनी पहिल्याच दिवशी शिस्त लावली. पोरींनी भिंतीबाहेर बसायचं, नाव पुकारल्याशिवाय मैदानात पाऊल टाकायचं नाही, आणि नाव पुकारलं जाईल एकदाच.

पावसाळाभर सगळं झकास चाललं. सकाळच्या उन्हात पोरी हाकेसरशी धावत यायच्या. संस्कृती नावाची एक उंच पोरगी तर अशी उडी घ्यायची की सरांना पुणं दिसायला लागायचं.

मग दिवाळी झाली आणि मुकादमांच्या गाड्या आल्या. आठवडा गेला न गेला तोच गाव ऊसतोडीला निघून गेलं. गल्लीच्या गल्ली कुलपात. दारांवर वाळलेली तोरणं, ओट्यावर एखादं म्हातारं माणूस, आणि एवढी शांतता की कुत्रं भुंकलं तर त्याचं त्यालाच दचकायला व्हावं. पोरी आज्यांपाशी राहिल्या, पण शेरडं, पाणी, कापूस सगळं त्यांच्या गळ्यात पडलं. सकाळ मोकळी मिळेना. सर म्हणाले, हरकत नाही, दिवेलागणीला खेळू.

पहिल्या संध्याकाळी सरांनी मधोमध उभं राहून हाक दिली. "संस्कृती!" कोणी आलं नाही. "दिपाली!" नाही. सगळी नावं झाली. भिंतीवर आदळून त्यांचाच आवाज मसणवट्याकडं गेला आणि तिकडंच राहिला.

दुसऱ्या दिवशी शाळेत सरांनी पोरींना फैलावर घेतलं. संस्कृती खाली बघत म्हणाली, "आमी आलतो की सर. तुमीच बोलावलं न्हाई." सरांनी दिपालीला विचारलं. तिचंही तेच. पोरी खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. मग आपण काल बोलावलं ते काय?

त्या संध्याकाळी हाक मारल्यावर सरांनी कान दिला. भिंतीपलीकडं बांगड्या वाजल्या. कोणीतरी श्वास घेत होतं, एक नाही, बरेच जण. सर हळूच गेले आणि फाटकातून डोकावले. वाट रिकामी! धुळीत अनवाण्या पावलांचे ताजे ठसे, भिंतीपर्यंत आलेले आणि पळत माघारी गेलेले. सर दोन पावलं मागं सरले. त्यांनी स्वतःला बजावलं, शहादेव, तू विज्ञानाचा पदवीधर आहेस. मग पदवीधर तडक खोलीवर गेला आणि त्यानं आतून कडी लावली.

पुढच्या संध्याकाळी मैदानाच्या मधल्या गोलात दहीभात, लिंबू आणि कुंकू! सरांना भाकरी करून घालणारी छबुबाई, म्हणजे संस्कृतीची आजी, तीही बदलली होती. ताट लांबूनच सरकवायची आणि तोंडाऐवजी सरांच्या पायांकडं बघायची. पावलं सुलटी आहेत की उलटी, याची खात्री झाली की मगच वरण वाढायची.

तेवढ्यात मोहनरावांचा निरोप आला. रविवारी संध्याकाळी बघायला येतो. संघ दिसला तर ठीक, नाही तर मैदानावर तुरीचं खळं करू, फरशी मस्त हाय. सरांना खळं दिसलं, तुरीचे ढीग दिसले आणि पुणं पार दिसेनासं झालं. हा संघ गेला तर कोच म्हणून त्यांना दारात कोण उभं करणार होतं?

रविवारी सूर्य बुडून अंधारलं. सर गोलात उभे. मसणवट्यातून वारा सुटलेला. "संस्कृती!" त्यांनी हाक दिली. भिंतीमागं बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. लांबून मोहनरावांच्या जीपचा आवाज यायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा सरांनी नियम मोडला आणि अक्षरशः काकुळतीला येऊन म्हणाले, "संस्कृती... ये की गं बाई."

"ओ, सर!"

भिंतीमागून एकदम चार-पाच गळे ओरडले आणि अंधारातून उंचच उंच सावल्या सरांच्या अंगावर धावून आल्या. पुढचं सरांना आठवत नाही. जीपचे दिवे मैदानावर पडले तेव्हा कोच बास्केटच्या कडीला लोंबकळत होते आणि खाली पोरी त्यांचे पाय धरून ओढत होत्या.

मोहनराव जीपमधून उतरून कडीखाली आले. "कावून चढलाव मास्तर?" त्यांनी विचारलं. उत्तर संस्कृतीनं दिलं. दिवेलागणीला पहिल्या हाकेला ओ द्यायची नसते. माणूस दुसऱ्यांदा हाक मारतं. जे एकदाच मारतं ते दुसरंच काही असतं. पोरी रोज भिंतीमागं दुसऱ्या हाकेची वाट बघत बसायच्या, सर मारायचेच नाहीत, मग जीव मुठीत धरून पळायच्या. आणि उतारा आजीनं ठेवला होता, मैदानातून एकदाच हाक मारणाऱ्या त्या मेल्यासाठी.

मोहनराव हसून हसून बोनेटवर टेकले. पण त्यांनी जीपच्या उजेडात खेळ बघितला आणि खळं दुसरीकडं हलवलं.

तेव्हापासून सर सगळं दोनदा करायला लागले. हाक दोनदा, शिट्टी दोनदा. स्वतःला कोणी हाक मारली तरी दुसरीची वाट बघायचे, सवयच जडली. माघात बीडच्या स्पर्धेत पोरींनी अंतिम सामना मारला, आणि पेपरात सरांचा फोटोही आला.

दोन दिवसांनी दिवेलागणीला सर मैदानात उभे असताना खिशात फोन वाजला. पुण्याचा मॅनेजर! नाव स्पष्ट दिसत होतं. सर फोन तळहातावर घेऊन नुसते बघत राहिले. वाजला, वाजला आणि थांबला. सर दुसऱ्यांदा वाजायची वाट बघत राहिले. पार चांदणी उगवली. भानावर येऊन त्यांनी स्वतः लावला, तर मॅनेजर म्हणाला, घाईत होतो सर, तुम्ही उचलला नाही, दुसऱ्याला घेतलं.

रात्री जेवताना सरांनी फोनची हकीकत सांगितली. छबुबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि ताटात आणखी एक भाकरी टाकली.

"एकदाच बोलावलं ना?" ती म्हणाली. "मंग ते माणूस नव्हतंच बाबा. वाचलास."