माझा रुमाल आणि मशीनचं लाल बटण

माझ्यासारखी स्वच्छ बाई शोधून दाखवा! मी घासलेल्या ताटात तोंड बघून वेणी घालावी! म्हणून औषधाच्या कारखान्यात दर्जा तपासणारी आमची सूनबाई जेव्हा म्हणाली, "आई, आमच्याकडे धुळीचा कणसुद्धा चालत नाही," तेव्हा मी म्हटलं, "ते मी बघून ठरवीन!"

घरच्या माणसांना कारखाना दाखवायचा दिवस होता. सूनबाईच्या बढतीचंही त्याच आठवड्यात ठरायचं होतं. निघताना ती चाचरत म्हणाली, "आई, आज पावडर नको हं... म्हणजे, नाही लावलीत तर बरं."

चार लोकांत जायचं आणि बिनपावडरीचं? तोंड धुतलं खरं, पण परतताना लावायला म्हणून मूठभर पावडर रुमालात गुंडाळून बाहीत खोचली.

तिथे टोपी, मास्क, पायघोळ अंगरखा, बुटांवर पिशव्या! मी गुंडाळलेल्या गादीसारखी दिसत होते. सूनबाई प्रत्येकाची झडती घेत होती. माझ्यापाशी आली, थबकली आणि पुढे गेली. मान राखला पोरीनं!

आत पांढऱ्या गोळ्या पट्टीत बसायला रांगेनं चालल्या होत्या. मशीनच्या कडेला मला डाग दिसला. डाग! "हाच का तुमचा दर्जा?" म्हणत मी रुमाल ओढला आणि झटकला.

ढग उठला हो! सगळी पावडर गोळ्यांवर. आणि तो डाग नव्हताच मुळी, मशीनवर रंगवलेली खूण होती!

खाट्! सूनबाईनं लाल बटण दाबून मशीन थांबवलं.

मशीनवाला कुजबुजला, "मॅडम, पांढऱ्यावर पांढरं, कुणाला दिसतंय? साहेब येतायत, तुमची बढती..."

"उघड्या गोळ्या सगळ्या टाकायच्या. भरलेल्या पट्ट्या तपासल्याशिवाय हलवायच्या नाहीत." तिचा हात बटणावरून हलला नाही.

साहेब आले. "पावडर कुठून आली?"

"रुमालातून."

"कुणाच्या?"

"माझ्या सासूबाईंच्या."

आत्ता गं बया! 'कुणीतरी पाहुणी' म्हणायला काय झालं होतं?

"रुमाल आत कसा आला?"

"मी त्यांची झडती घेतली नाही."

"का?"

"भीती वाटली."

"कसली?"

मी मास्कमागे दात आवळले. आता निघणार माझी लक्तरं!

"त्या चिडतील याची नाही, साहेब. चारचौघांत त्यांना कमीपणा वाटेल, याची. चूक माझीच."

मला रडूच फुटलं. मास्कमध्ये नाक पुसायची सोय नाही, आणि रुमाल तर जप्त!

"साहेब," मी पुढे झाले, "आमचे हे रोज सकाळी हीच गोळी घेतात. पट्टी कधी उलटून बघत नाहीत. सूनबाईनं तपासलीय म्हटल्यावर कशाला बघतील? तिची बढती अडवाल तर गाठ माझ्याशी..."

"आजी, आधी पिवळ्या रेषेच्या मागे व्हा!"

बढती झाली. साहेब म्हणे म्हणाले, स्वतःच्या सासूपायी मशीन थांबवणारी बाई कुणापुढेही थांबवील.

पण तिची भीती गेली ना! काल भाजी खारट झाली. यांनी विचारलं, "का गं?"

सूनबाई म्हणाली, "मीठ दोनदा पडलं. एकदा मी घातलं, मग आईंनी."

"का?"

"मला विचारायची त्यांना सवय नाही, बाबा."

दोघं माझ्याकडे बघून हसायला लागले. मी मुकाट्यानं भाजीत पाणी ओतलं. हल्ली आमच्या घरात कुठल्याही गोष्टीचं कारण खणायला घ्या, तळाशी मीच सापडते!