सागावरचे गोल

दौलतभाऊ सकाळी देवाच्या आधी एका सागाच्या पाया पडायचे आणि त्याच्यावरचे गोल मोजायचे.

एटापल्लीच्या लाकूड डेपोत मी कारकून, ते जंगल राखणारे नाकेदार. त्या काळी आपल्या देशाच्या फुटबॉल संघात कलकत्त्याला राहणारा एक सेंटर फॉरवर्ड होता. त्यानं परदेशी संघावर गोल मारला, की दौलतभाऊ डेपोमागच्या सागावर गेरूचा एक पट्टा ओढत. बातमी यायची मोटारीतून येणाऱ्या शिळ्या पेपरातून. पावसाळ्याचे चार महिने मोटार बंद, म्हणून तेवढे सगळे गोल दिवाळीला एकदम व्हायचे. आमच्या हिशेबी तो बिचारा फक्त थंडीत खेळायचा.

भाऊंनी स्वतः मॅच कधी पाहिली नव्हती. ऑफसाईड म्हणजे काय, असं मी मुद्दाम विचारलं, तर म्हणाले, "ते पाहाले पंच आहे. गोल झाला का नाई, बोला!" हे त्यांचं पालुपद. कुणाचं लग्न जमलं, गोल. माझा हिवताप उतरला तेव्हाही उशाशी बसून म्हणाले, "गोल झाला का नाई, बोला!" अंगात त्राण असतं तर मी भांडलो असतो.

आणि एकच धोशा: "त्याचा रेकॉर्ड होऊ दे बाबू, मंग मी कलकत्त्याले जातो त्याले भेटाले."

"तो काय ओळखतो तुम्हाला?"

यावर ते काठी उचलून जंगलात चालू पडायचे.

त्या हिवाळ्यात देशासाठी सर्वांत जास्त गोलांचा जुना विक्रम मोडायला एकच गोल उरला होता. भाऊ चार दिवस सूरजागडच्या बाजूला गस्तीवर गेले, आणि इकडे झाडं तोडणारी नवी टोळी आली. कोणती झाडं पाडायची, असं मुकादमानं विचारलं. तोडायच्या झाडांना खात्याचाही गेरूचाच पट्टा असे. मी मान वर न करता खेकसलो, "गेरूचा पट्टा दिसला की पाडा. एवढंही मीच सांगू?"

दुपारी मागं धडाड आवाज झाला आणि मी धावत सुटलो. अहो, त्या सागाला तर बुंध्यापासून हात पोचेल तिथपर्यंत पट्टेच पट्टे होते!

त्याच संध्याकाळच्या मोटारीनं पेपर आला. विक्रम मोडला होता.

दुसऱ्या दिवशी भाऊ आले. मी भित्रा माणूस, आधी पेपर पुढं केला. त्यांनी ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचलं. मग त्यांची नजर आडव्या सागाकडे गेली. मी सांगून टाकलं, चूक माझीच. आता शिव्या बसणार म्हणून उभा राहिलो, तर ते खाली बसले.

"त्याचा चेंडू मी असाच फोडला होता, बाबू. कुऱ्हाडीनं."

"कुणाचा?"

त्यांनी पेपरातल्या नावावर बोट ठेवलं. "याचाच. माहा लहान भाऊ आहे थो." पेपरात नुसतं नाव यायचं, आडनाव नाही. आम्हाला कसं कळणार? "म्हटलं, चेंडूनं पोट भरते का? त्याच दिवशी निघून गेला. पंधरा वर्सं झाली."

माझं डोकं तापलं. "मग एक पत्र टाकायला काय झालं होतं?"

"कोन्त्या तोंडानं लिवू? वाटे, रेकॉर्ड झाला म्हणजे त्याचा राग उतरन."

दिवसभर आम्ही दोघं त्या सागाची साल सोलत बसलो. पट्ट्यापट्ट्यांची सालपटं त्यांनी पोत्यात नीट गुंडाळली. पुढच्या मोटारीनं ते निघाले. मांडीवर पोतं, हातात गेरूची डबी.

"शेवटचा पट्टा राहिला की," मी म्हणालो.

"थो त्यालेच ओढू देतो."

मोटार हलली तसं त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. चेहरा पार उतरला होता.

"बाबू, घरात घेईन ना थो मले?"

मी ओरडून "घेईल" म्हणालो. मोटार दिसेनाशी झाली तरी म्हणतच होतो.