साळिंदर सरांचा बेचाळिसावा स्थिरांक

एका जंगलात, बाळांनो, एक विद्यापीठ होतं. जंगलात कसलं आलंय विद्यापीठ, असं विचारू नका. मधे मधे बोललात तर गोष्ट लांबेल.

तिथे साळिंदर सर रेणूंचा अभ्यास करत. रेणू म्हणजे पदार्थाचा इतका बारीक कण, की तो कुणालाच दिसत नाही. त्यामुळे सरांना कुणी खोटं पाडू शकत नसे.

एकदा त्यांच्याकडे अस्वलमावशी आली. ती मोहाची दारू गाळायची. (ती काय असते, ते घरी विचारू नका.)

"सर, माझी भट्टी बुडायला आलीय. आधी दारूची वाफ येते, मागून पाण्याची. विस्तव नेमका कधी ओढू? उशीर झाला की सगळं पाणचट होतं. माकडं शिव्या देतात हो!"

सरांचे काटे आनंदाने उभे राहिले. "समजा, मावशी, रेणू लाडवासारखा गोल आहे."

"आहे का?"

"नाही. पण समजा."

सरांनी समीकरण मांडलं. उत्तर आलं, विस्तव परवा ओढावा. मावशीने तसं केलं. मडकं तडकलं.

सर डगमगले नाहीत. त्यांनी समीकरणात एक स्थिरांक, म्हणजे आपल्या पसंतीचा एक आकडा, घुसवला. नवं उत्तर आलं, विस्तव पेटवण्याआधीच ओढावा. यावर त्यांचा शोधनिबंध छापून आला आणि ते विभागप्रमुख झाले.

अशी तीस वर्षं गेली. दर चुकीला एक स्थिरांक, दर स्थिरांकाला एक निबंध. एक्केचाळीस झाले. इकडे माकडं ताडीकडे वळली. मावशीच्या चार भट्ट्यांपैकी एकच उरली. मला तिची फार दया येते, खरंच.

शेवटी मावशीचं डोकं फिरलं. नळीतून पडणारी धार तिने करवंटीत धरली आणि रागाने विस्तवावर फेकली. भपकन जाळ झाला. थोड्या वेळाने पुन्हा फेकली, तर नुसतं चर्र झालं.

"अगं बाई, पाणी आलं की!" म्हणत तिने विस्तव ओढला. दारू फक्कड उतरली. माकडं परत आली.

सरही धावत आले. "किती वेळाने ओढलात?"

मावशीने सांगितलं. सरांनी बेचाळिसावा स्थिरांक असा निवडला, की समीकरणाचं उत्तर बरोब्बर तेवढंच आलं. सिंहमहाराजांनी त्यांना शाल दिली. नऊशे पानांचा ग्रंथ निघाला. वर फर्मान सुटलं, की यापुढे ग्रंथाशिवाय भट्टी चालवायची नाही.

मावशीने ग्रंथ घरी नेला. नेमकी त्या दिवशी लाकडं ओली होती.

आठवड्याने सरांनी भीत भीत विचारलं, "ग्रंथ कसा वाटला?"

"फार छान हो, सर! नऊशे पानांत तीन मडकी उतरली. दुसरा खंड कधी काढताय?"

सरांचे डोळे भरून आले. तीस वर्षांत त्यांच्याकडे कुणी आणखी काही मागितलं नव्हतं. ते तडक लिहायला बसले.

तात्पर्य : संशोधन समाजाच्या उपयोगी पडावं असं वाटत असेल, तर ते जाड असावं आणि कोरड्या जागी ठेवावं.