पाच अक्षांचा बटाटा

ऑयगेन रापचं यंत्र बांधून तयार होतं, पण हलत नव्हतं. ओबरहाल्डेन गावातल्या आपल्या वर्कशॉपमध्ये त्याने ते स्वतःच्या हातांनी उभं केलं होतं. तीन दिशांना सरकणारं आणि वर दोन ठिकाणी मान वळवणारं, असं पाच अक्षांचं. जिन्याच्या कठड्याला वळणावर जो पिळदार तुकडा लागतो, तो हाताने कोरायला आठवडा मोडतो. हे यंत्र तो दुपारच्या जेवणाआधी कोरून देणार होतं. फक्त पाचही अक्षांना एकदम हलवणारं सॉफ्टवेअर निवडायचं राहिलं होतं. आणि निवडायचं म्हणजे कुणावर तरी विश्वास ठेवायचा. तिथेच घोडं अडलं होतं.

ऑयगेन माणूस वाईट नव्हता, पण बेकरीत पावसुद्धा तो उलटा करून बघितल्याशिवाय घेत नसे. त्यातून पलीकडच्या गावात ब्रेनर होता. ब्रेनरही जिनेच बनवायचा. दोघे शाळेत एका बाकावर बसायचे आणि तेव्हापासून ऑयगेनला लिहिताना डाव्या हाताचा आडोसा करायची सवय लागली होती.

पहिला विक्रेता आला तो मोठ्या कंपनीचा. फोग्ट नाव, बूट चकचकीत.

"तुमचं डिझाइन आमच्या क्लाउडवर जाईल," फोग्ट म्हणाला. "तिथून यंत्राला सूचना येतील."

"क्लाउड म्हणजे ढग ना?"

"तसंच काहीसं."

"तो ढग ब्रेनरच्या गावावरूनपण जात असेल," ऑयगेन म्हणाला. ब्रेनर कोण हे फोग्टला ठाऊक नव्हतं, त्यामुळे तो नुसता हसला. ते हसणं ऑयगेनने लक्षात ठेवलं.

दुसरं सॉफ्टवेअर त्याच्या बायकोने, गुडरुनने शोधलं. यंत्राची सगळी वायरिंग तिनेच केली होती, त्यामुळे तिच्या शब्दाला त्या घरात वजन होतं. हे सॉफ्टवेअर जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं आणि चक्क फुकट होतं.

"फुकट? मग त्या लोकांना मिळतं काय?"

"समाधान."

"समाधानासाठी कोण एवढी मरमर करतं? काहीतरी आहे त्यात."

"अरे, आत काय लिहिलंय ते सगळं उघड आहे. वाच आणि खात्री करून घे."

"एवढं सगळं उघडं ठेवलंय, म्हणजे खरं दुसरीकडे लपवलंय."

तिसरं ब्रेमेनच्या एका लहानशा कंपनीचं होतं. तिथल्या हार्म्सबाई फोनवर मोजकंच बोलल्या. उत्तरेकडचे लोक मुळातच कमी बोलतात, पण कमी बोलणारा माणूस काहीतरी राखून बोलतो, असं ऑयगेनचं मत होतं.

तिन्हींचं म्हणणं एकच होतं: घरी बांधलेलं यंत्र म्हणजे त्याची चाल वेगळी, तेव्हा तुम्हाला जे कोरायचंय त्याची एक फाइल पाठवा, आम्ही जमवून दाखवतो. कठड्याची फाइल परक्याच्या हातात द्यायची म्हणजे ती ब्रेनरलाच देण्यासारखं, असं ऑयगेनला वाटलं. त्याने हे स्वयंपाकघरात येऊन सांगितलं, तेव्हा गुडरुन सॅलडसाठी बटाटे सोलत होती.

"मग बटाटा दे त्यांना," ती म्हणाली.

तिने टोमणा मारला होता. ऑयगेनने मात्र एक बटाटा उचलला आणि उजेडात फिरवून बघितला. कुठे सरळ कड नाही, कुठे सपाटी नाही. हा कोरायचा तर पाचही अक्षांचा घाम निघाला असता.

"गुडरुन, तू हुशार आहेस."

"आहेच. आता तो खाली ठेव, मोजून घेतलेत मी."

बटाट्याची फाइल करायची तर तो सगळ्या बाजूंनी टिपून घ्यायला हवा. तसलं यंत्र गावात एकट्या दातांच्या डॉक्टरकडे होतं. ऑयगेन बटाटा रुमालात गुंडाळून घेऊन गेला. डॉक्टर जुने मित्र होते. त्यांनी "दुखतोय का?" एवढंच विचारलं आणि काम करून दिलं. पण तिथली मदतनीस ब्रेनरची पुतणी निघाली. राप बटाट्याची मापं घेतोय, ही बातमी त्याच दिवशी पलीकडच्या गावात पोचली.

इकडे बटाट्याची फाइल तिन्ही ठिकाणी गेली. फुकटवाल्यांनी आपसात वाद घातला, की बटाटा देठाकडून कोरावा की पोटाकडून. फोग्टच्या कंपनीने मात्र एक छापील प्रश्नावली पाठवली. यंत्रावर नक्की काय बनवणार? ऑयगेनने लिहिलं: बटाटे. कोणाला विकणार? त्याने लिहिलं: अजून ठरलं नाही. साहित्य? लाकूड.

फोग्टने हे वाचलं आणि त्याच्याही मनात पाल चुकचुकली. पाच अक्षांच्या यंत्रांवर सरकारची नजर असते. त्यावर विमानांचे आणि त्याहून वाईट गोष्टींचे भाग बनू शकतात. असं यंत्र गुपचूप बांधून कोणी लाकडी बटाटे बनवत नाही. त्याने ते कागद वर पाठवले, वरच्यांनी आणखी वर पाठवले. शेवटी सरकारी कार्यालयातून फोन आला: ओटिंगर नावाच्या अधिकारी बाई सोमवारी पाहणीला येतील, आणि यंत्र चालताना बघतील.

"खरं सांगून टाक," गुडरुन म्हणाली. "कठडाच आहे, तोफ नाही."

"सरकारला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं."

तो संगणकापाशी बसला. बाई संगणक उघडायला सांगतील या भीतीने त्याने कठड्याच्या फाइलचं नाव बदलून 'बटाटा दोन' ठेवलं. मग ब्रेमेनला फोन केला, कारण सोमवारच्या आत यायला एकट्या हार्म्सबाईच तयार होत्या. त्यांनी येऊन आपलं सॉफ्टवेअर चढवलं, अक्ष एकेक करून हलवून बघितले आणि कॉफी मागितली. ऑयगेनने इंटरनेटची वायर उपटून ठेवली होती आणि संगणकाच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली होती. त्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

शेवटी त्यालाच राहवेना. "मी बटाटा का कोरतोय, ते तुम्ही विचारलं नाहीत."

"गिऱ्हाइकाला काय कोरायचंय ते गिऱ्हाईक जाणे," हार्म्सबाई म्हणाल्या. "मागे एकाने सासूचं नाक कोरून घेतलं."

"कशाला?"

"मी नाही विचारलं."

सॉफ्टवेअर तिथेच पसंत पडलं. त्याची बाकीची कामगिरी ऑयगेनने नंतर बघितली.

सोमवारी, हार्म्सबाई अजून तिथेच असताना, ओटिंगरबाई आल्या. चष्मा, जाड बूट, बोलणं इथल्याच मुलखातलं, अस्सल श्वाबी. त्यांच्या पाठोपाठ ब्रेनर आला. त्याला म्हणे लाकूड आवळून धरायचा एक शिकंजा उसना हवा होता. वीस वर्षांत तो उसनं मागायला आला नव्हता.

"पाच अक्ष," ओटिंगरबाई यंत्राभोवती फिरत म्हणाल्या. "केसाइतकाही फरक पडत नाही म्हणता. आणि हे सगळं बटाट्यासाठी?"

"आपल्याकडे बटाट्याला मान आहे बाई," ऑयगेन म्हणाला.

"मीही इथलीच आहे. आम्ही खातो. चालवा."

गुडरुनने हाताशी होता तो अक्रोडाचा लांब ठोकळा आवळला. ऑयगेनने संगणकाला पाठ करून उभ्या असलेल्या ब्रेनरवर एक डोळा ठेवला आणि दुसऱ्या डोळ्याने फाइल निवडली. बटाटे दोन होते. त्याने दुसरा दाबला.

यंत्र हललं. मान वळली, भुसा उडाला, आणि इतक्या दिवसांनी ते हलताना बघून ऑयगेनला भरून आलं, त्यामुळे काय कोरलं जातंय हे त्याला सगळ्यांच्या शेवटी कळलं.

"बटाटा बराच लांब आहे," ओटिंगरबाई म्हणाल्या.

"त्यात... जाती असतात," ऑयगेन म्हणाला.

"आणि पीळ?"

यंत्र थांबवायला ऑयगेन पुढे झाला, पण गुडरुनने त्याचा दंड धरला. "होऊ दे," ती हळूच म्हणाली. "किती सुंदर येतंय बघ."

यंत्र थांबलं तेव्हा टेबलावर कठड्याचं वळण पडलं होतं, रेशमाची लड पिळावी तसं. ओटिंगरबाईंनी त्यावरून हात फिरवला.

"आमच्या घरचा जिना असाच होता," त्या म्हणाल्या. "हे लपवत होता तुम्ही?"

"हो."

"कोणापासून?"

ऑयगेनने ब्रेनरकडे बघितलं. बाईंनीही बघितलं. मग त्यांनी कागदावर 'कठडे' असं लिहिलं, खाली सही केली आणि निघून गेल्या. हार्म्सबाई आपली पेटी आवरू लागल्या.

ब्रेनर जागचा हलला नव्हता. ऑयगेनने मन घट्ट केलं. गुपित फुटलंच होतं.

"बघ बाबा," तो म्हणाला. "हे एवढंच होतं."

ब्रेनरने वळणाकडे बघितलं, मग ऑयगेनकडे, बराच वेळ. "कठडा?"

"कठडा."

"दातांच्या डॉक्टरकडे कठडा नेला होतास?"

"नाही, तो बटाटा होता. पण तो उगाच नेला होता."

"उगाच," ब्रेनर मान डोलावत म्हणाला. "ऑयगेन, मी तुला लहानपणापासून ओळखतो. सरकारी बाई दारात आल्या आणि तू साधा कठडा काढून दाखवलास. चांगलं केलंस. पण मला बनवू नकोस." आणि शिकंजा न घेताच तो गेला.

महिन्याभरात ब्रेनरच्या दारात एक भलामोठा खोका उतरला. त्याच्या वर्कशॉपच्या खिडक्यांना जाड पडदे लागले. मग एके दिवशी ब्रेनरने स्वतः फोन करून आपल्या गिऱ्हाइकांचे सगळे कठडे ऑयगेनला देऊन टाकले. जिन्यांसाठी आता वेळ नाही, म्हणाला. दुसरं काम हातात आहे.

ऑयगेनचं यंत्र दिवसभर चालू लागलं. कामाला तोटा नव्हता. गुडरुन खूश होती. पण कठडे बसवून घरी परतताना तो आता लांबच्या रस्त्याने, ब्रेनरच्या वर्कशॉपवरून गाडी घेऊ लागला, आणि तिथे पोचलं की गाडीचा वेग आपोआप कमी व्हायचा.

"पुढे बघून चालव," गुडरुन म्हणाली. "तिथे काही नाहीये ऑयगेन. तुला पक्कं माहितीये."

"काही नाही, तर पडदे कशाला लावलेत?" ऑयगेन म्हणाला, आणि त्याने गाडी बाजूला घेतली.